आजार रेड्याला, इंजेक्शन पखालीला

रविवारी सकाळी गंगापूर रोडला मिसळ खायला जमणारं आमचं जुन्या गाड्यांचं एक टोळकं आहे. दोन पद्मिनी, एक स्टँडर्ड हेराल्ड, एक विलीज जीप आणि आमच्या एका स्नेह्यांची लाल रंगाची दोन आसनी ट्रायम्फ स्पिटफायर. गेल्या महिन्यात तिथे एका तरुण इंजिनिअरने सगळ्यांदेखत मला विचारलं, "काका, तुमचं अख्खं आयुष्य इंजेक्टर बनवण्यात गेलं. मग कार्बोरेटर काढून इंजेक्शन बसवायला तुमचाच विरोध कसा?" आणि पुढे त्याने पाढाच वाचला. कार्बोरेटर म्हणजे नुसता अंदाजपंचे कारभार. घाटात गाडी तापून बंद पडते, ई-२० पेट्रोलमुळे तो खलास होणार, त्याला हात लावणारे मेकॅनिक म्हातारे झाले, आणि आता बाजारात असं किट मिळतं की बसवलं की आपलं आपण शिकून घेतं. मंडळींनी माना डोलावल्या. माझ्या तोंडात पाव होता म्हणून मी गप्प बसलो. पण त्या माना अजून डोळ्यांसमोर आहेत, म्हणून हे लिहितो आहे.

आधी माझ्या कामाबद्दल, कारण प्रश्न त्यावरूनच सुरू झाला. सातपूरच्या एका कारखान्यात ३१ वर्षं मी डिझेल इंजेक्टरच्या नोझलवर होतो. नाशिककरांना हे काम नवं नाही. मायको कंपनीचं नाव २००८ साली बॉश झालं तरी चौकाला आम्ही अजून मायको सर्कलच म्हणतो, आणि या शहरात घरटी नाही तरी गल्लीटी एक माणूस नोझल ओळखणारा सापडतो. नोझलची सुई आणि तिचं घर यांच्यात दोन ते चार मायक्रॉनची फट असते. सुई डिझेलमध्ये बुडवून घरात सोडली की तिने आपल्या वजनाने सावकाश, न अडकता खाली उतरायचं. धाडकन पडली तर बाद, अडली तरी बाद. एका घराची सुई दुसऱ्या घरात घालायची नाही, ती जोडी जन्माची. अशा लाखो जोड्या हाताखालून गेल्यावर एक गोष्ट अंगात भिनते: इंजेक्शनच्या सगळ्या व्यवस्थेत इंजेक्टर हा समजायला सर्वांत सोपा भाग आहे. तो उघडतो आणि बंद होतो. किती वेळ उघडायचं, हा खरा प्रश्न.

त्या प्रश्नाचं उत्तर ईसीयूच्या, म्हणजे इंजेक्शन चालवणाऱ्या छोट्या संगणकाच्या, पोटातल्या एका तक्त्यात असतं. एका बाजूला इंजिनाचे फेरे, दुसऱ्या बाजूला इंजिनावरचा भार. सोळा बाय सोळाचा तक्ता म्हटला तरी २५६ घरं झाली. त्यावर थंड इंजिनासाठी वेगळा हिशेब, तापलेलं इंजिन बंद करून दहा मिनिटांनी पुन्हा सेल्फ मारला त्यासाठी वेगळा, ॲक्सिलरेटर एकदम दाबला तर वेगळा, एकदम सोडला तर वेगळा. ६००० फेऱ्यांना इंजिनाचं एक आवर्तन २० मिलिसेकंदांत संपतं, आणि एवढ्या वेळात किती थेंब द्यायचे याचा निर्णय या तक्त्यावरून होतो. गाडी बनवणारी कंपनी हा तक्ता भरायला डायनॅमोमीटर, थंड प्रदेश, उष्ण प्रदेश आणि इंजिनिअरांची फौज लावते. तुमच्या १९६५ सालच्या इंजिनासाठी हे कुणी केलेलं नाही आणि करणारही नाही. तुम्ही किट विकत घेता तेव्हा इंजेक्टर घेता, पंप घेता, वायरी घेता. तक्ता मात्र दुसऱ्याच कुठल्या तरी इंजिनाचा, नाहीतर कोरा. म्हणजे अंदाजपंचे कारभार सोडून तुम्ही नेमके कुठे निघालात?

आता ज्याला तुम्ही अंदाज म्हणता तो जरा जवळून पाहा. स्पिटफायरवर दोन एसयू कार्बोरेटर आहेत. एसयू म्हणजे स्किनर्स युनियन. विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला हा कार्बोरेटर काढणारे स्किनर बंधू इंग्लंडातल्या चप्पल-बुटांच्या व्यापारी घराण्यातले. सुरुवातीच्या एसयूमध्ये हवेच्या ओढीने वरखाली होणारा भाता होता, तोही चामड्याचा. चामडं घरचंच होतं ना! म्हणजे मथळ्यातली पखाल या यंत्राच्या जन्मापासून त्याच्या पोटात आहे, असं म्हणायला हरकत नाही. पुढे भात्याच्या जागी धातूचा पिस्टन आला, तत्त्व तेच राहिलं. इंजिन जेवढी हवा ओढेल तेवढा पिस्टन वर उचलला जातो. त्याच्या बुडाला एक निमुळती सुई असते, ती जेटच्या भोकातून वर सरकते आणि भोवतीची फट वाढते. जास्त हवा, जास्त पेट्रोल. झालं.

पण त्या सुईचा निमुळतेपणा सरळ नाही. दर अष्टमांश इंचाला तिचा व्यास ठरवलेला असतो, इंचाच्या हजाराव्या भागापर्यंत. एसयूच्या अशा शेकडो सुया होत्या, प्रत्येकीला अक्षरांचं नाव, आणि प्रत्येक गाडीसाठी कुणीतरी टेस्ट बेडवर बसून योग्य ती सुई निवडलेली. हा तक्ताच आहे, पितळेवर कोरलेला. त्याची घरं कमी आहेत, कबूल. पण ती घरं याच इंजिनासाठी, याच कॅमशाफ्टसाठी, ज्यांनी ते इंजिन बनवलं त्यांनीच भरलेली आहेत. आयुष्यभर सुया घासलेल्या माणसाला त्या सुईविषयी आदर वाटला तर त्याला जुन्या आठवणींचा उमाळा म्हणू नका. एका कारागिराने दुसऱ्याचं काम ओळखलं, एवढंच.

आणि इतिहासाचं म्हणाल तर इंजेक्शनची पहिली पावलं तुम्हाला वाटतात तेवढी दिमाखदार नव्हती. बेंडिक्स कंपनीचं इलेक्ट्रोजेक्टर हे इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन १९५८ सालच्या क्रायस्लर गटाच्या मोजक्या गाड्यांवर आलं. इतका त्रास झाला की त्यांतल्या बहुतेकांवर परत कार्बोरेटर बसवून देण्यात आले. त्याच कल्पनेचे हक्क पुढे बॉशकडे गेले आणि १९६७ साली डी-जेट्रॉनिक फोक्सवॅगनवर आलं तेव्हा कुठे गाडी रुळावर आली. स्पिटफायरच्याच घराण्यातल्या टीआर ५ वर १९६७ सालीच लुकसचं यांत्रिक पेट्रोल इंजेक्शन होतं. त्याचा पंप उन्हात तापून दम तोडायचा. वैतागलेल्या मालकांपैकी काहींनी बॉशचा पंप लावला आणि काहींनी सरळ कार्बोरेटर चढवले. त्याच गाडीचं अमेरिकेत विकलेलं भावंड तर कारखान्यातूनच कार्बोरेटर घेऊन निघालं होतं.

हे झालं पुस्तकी. आता आमच्या स्नेह्यांच्या गाडीची हकीकत. त्यांची परवानगी घेऊन सांगतो.

त्यांची तक्रार तीन कलमी होती. ॲक्सिलरेटर दाबला की गाडीचा आधी श्वास अडकायचा, मग ती पळायची. स्लो कधी बसायचं, कधी नाही. आणि कसारा घाट चढताना मिसिंग मारत मारत ती एकदा तरी बंद पडायचीच. ज्याला दाखवली त्याने कार्बोरेटरकडे बोट दाखवलं. शेवटी त्यांनी परदेशातून थ्रॉटल बॉडीचं एक किट मागवलं आणि एका उत्साही गॅरेजवाल्याकडून बसवून घेतलं. मला विचारलं नाही. मी विरोध करीन हे त्यांना ठाऊक होतं.

किट बसवण्यासाठी काय काय करावं लागलं ते ऐका. ही गाडी पॉझिटिव्ह अर्थची, म्हणजे बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेली. त्या काळच्या इंग्लिश गाड्यांचा हा रिवाज. ईसीयूला ते चालत नाही, म्हणून सगळी वायरिंग उलटी केली. डायनॅमो लुकसचा, फार तर २२ अँपिअर देणारा, आणि स्लोवर उभी असताना जवळजवळ काहीच न देणारा. इंजेक्शनचा पंप, इंजेक्टर आणि ईसीयू मिळून त्याला खाऊन टाकणार, म्हणून ऑल्टरनेटर आला. जादा पेट्रोल परत सोडायला रिटर्न लाइन हवी, म्हणून साठ वर्षांच्या टाकीला भोक पाडलं. ऑक्सिजन सेन्सरसाठी सायलेन्सरच्या पुढच्या नळीला भोक पाडून बॉस वेल्ड केला. मूळचे मॅनिफोल्ड आणि दोन्ही एसयू एका गोणपाटात बांधून माळ्यावर गेले. एवढं सगळं झाल्यावर गाडी चालू झाली, छान चालू झाली, आणि चौथ्या दिवशी मुंबई नाक्याच्या सिग्नलला बंद पडली. मग रोजच पडायला लागली. पूर्वी ती फुरफुरत, कुरकुरत बंद पडायची. आता दिवा विझावा तशी एका क्षणात.

तेव्हा ती माझ्याकडे आली. मी कार्बोरेटरकडेही पाहिलं नाही आणि किटकडेही. मी डेल्कोचं झाकण उघडलं. आमचे मेकॅनिक कुठल्याही डिस्ट्रिब्युटरला डेल्को म्हणतात, या गाडीत तो खरोखरच डेल्को कंपनीचा आहे. रोटर काढला, शाफ्ट दोन बोटांत धरून हलवला. हातात आलेला दात हलावा तसा तो हलला. बुश संपलेला. म्हणजे पॉइंटची फट प्रत्येक फेऱ्याला वेगळी, टायमिंग प्रत्येक फेऱ्याला वेगळं. कंडेन्सरही अर्धमेला. इतकी वर्षं सगळे ज्याला कार्बोरेटरचा आजार समजत होते तो निम्मा इथे होता. रेडा दुखण्याने लोळतोय आणि इंजेक्शन दिलं पखालीला.

गंमत पुढे आहे. कार्बोरेटरला डेल्कोशी काही देणंघेणं नसतं. करंट वेडावाकडा आला तरी तो हवेच्या ओढीवर पेट्रोल देत राहतो, म्हणून गाडी कुरकुरत का होईना घरी यायची. या किटला मात्र फेरे मोजायला खूण लागते, आणि ती खूण ते कॉइलच्या तारेवरून घेत होतं. म्हणजे ज्या डेल्कोने आधीच बुद्धी गमावली होती, त्याच्याच सांगण्यावर आता पेट्रोलही अवलंबून राहिलं. दोन ठिणग्यांच्या मध्ये खूण हरवली की ईसीयूला वाटायचं इंजिन थांबलं, आणि तो इमानदारीत पंप बंद करायचा. पूर्वी एक आजार होता, आता त्याच आजाराला अधिकार मिळाले.

मग किट उतरवलं आणि गोणपाट माळ्यावरून खाली आणलं. एसयूंचे डॅशपॉट उघडले तर दोन्ही कोरडे ठणठणीत. त्या डॅशपॉटमध्ये २० नंबरचं तेल असतं, चमचाभर. ॲक्सिलरेटर दाबताच पिस्टनने एकदम टुणकन वर उडू नये, क्षणभर मागे रेंगाळावं, म्हणजे त्या क्षणाला मिश्रण दाट मिळतं, यासाठी ते तेल. ते नसलं की गाडीचा श्वास अडकतो. पहिलं कलम निकालात निघालं, चमचाभर तेलात. थ्रॉटलच्या दांड्या झिजून त्यांच्या बाजूने हवा आत जात होती, म्हणून स्लो बसत नव्हतं. अंबडला एका लेथवाल्याने त्या दांड्यांसाठी ब्राँझचे बुश अर्ध्या दिवसात काढून दिले, आणि डेल्कोचाही बुश त्यानेच बदलला. या शहरात मायक्रॉन ओळखणाऱ्या हातांची वानवा नाही, फक्त त्यांना काम नेऊन द्यावं लागतं. ऑल्टरनेटर तसाच राहू दिला. तो चांगलाच आहे. नव्याशी माझं वैर नाही.

राहिला घाट. इथे तरुण मित्राच्या म्हणण्यात तथ्य आहे आणि मी ते नाकारत नाही. मे महिन्यात कसारा चढताना इंजिनाच्या अंगावरचा पंप तापतो, पेट्रोलची वाफ होते आणि गाडी हवा धरते. मुंबई-आग्रा रस्त्यावर पद्मिनी बाजूला लावून पंपावर ओलं फडकं टाकणारे बाप आमच्या पिढीने प्रत्येक वळणावर पाहिलेत. इंजेक्शनच्या नळीत दाब सुमारे तीन बार असतो, जुन्या पंपाच्या पंधरा-वीसपट, त्यामुळे वाफ सहज होत नाही हेही खरं. पण तीच तीन बारची नळी साठ वर्षांच्या गाडीत, गरम मॅनिफोल्डच्या शेजारून जाते. जुन्या पंपाची नळी चिरली तर पेट्रोल ठिबकतं. या नळीची क्लिप सैल झाली तर फवारा उडतो. त्यात जुन्या टाकीला आत आडपडदे नसतात. टाकी निम्मी असताना घाटाच्या वळणावर पेट्रोल एका कडेला जातं आणि पंपाच्या तोंडी हवा येते. कार्बोरेटरला स्वतःची फ्लोटची वाटी असते, दोन-चार सेकंदांचा खंड तो पोटातल्या शिलकीवर काढतो. इंजेक्शनला पोटच नाही. त्यासाठी मग वेगळी सर्ज टाकी, दुसरा पंप, आणखी चार नळ्या. उलट वाफेचा उपाय पूर्वापार ठाऊक आहे: मॅनिफोल्ड आणि कार्बोरेटरच्या मध्ये पत्र्याचा आडोसा, जाड पॅकिंग, आणि टाकीजवळ कमी दाबाचा छोटा इलेक्ट्रिक पंप. स्नेह्यांच्या गाडीत आम्ही तेच केलं.

उंचीचा मुद्दाही कुणीतरी काढला होता, मुंबईला लावलेलं ट्यूनिंग नाशिकला बिघडतं म्हणून. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटरवर. हवा पाच-सहा टक्के विरळ, मिश्रण तीनएक टक्क्यांनी दाट. एवढ्याने गाडी तक्रारसुद्धा करत नाही. लडाखला जाणार असाल तर बोलू.

आता ई-२०. नाशिक जिल्ह्यात ऊस पिकतो, इथल्या माणसाने इथेनॉलच्या नावाने बोटं मोडणं मला तरी शोभत नाही. पण वस्तुस्थिती पाहू. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला हवा १४.७ भाग लागते, इथेनॉलला ९. वीस टक्के मिसळलं की हा आकडा साडेतेराच्या आसपास येतो. म्हणजे जेट तोच ठेवला तर मिश्रण सात-आठ टक्क्यांनी पातळ. इंजिन गरम चालेल, पिकअप जाईल. म्हणून कार्बोरेटर फेकायचा? जेटच्या भोकाचा आकडा मिलिमीटरच्या शंभराव्या भागात असतो. समजा तुमच्या सोलेक्स कार्बोरेटरमध्ये ११५ चा जेट आहे. तो काढून १२० चा घातला की पेट्रोल जवळजवळ नऊ टक्क्यांनी वाढतं. एक स्क्रूड्रायव्हर, पाच मिनिटं. एसयूला तर तेवढंही नको, जेटखालची षटकोनी चकती एक-दोन बाजू खाली फिरवायची, फारच कमी पडलं तर दाट नंबरची सुई घालायची. बरोबर लागलं की नाही हे पाहायला लॅपटॉप लागत नाही. इंजिन स्लोवर ठेवून पिस्टन बोटाच्या टोकाने केसभर उचला. रेस वाढून वाढलेलीच राहिली तर मिश्रण दाट. इंजिन बसायला लागलं तर पातळ. किंचित वाढून पुन्हा जागेवर आली तर हात पुसा आणि चहा प्या.

ई-२० चा खरा उपद्रव वेगळा आहे. इथेनॉल पाणी ओढतं, जुनं रबर फुगवतं, जस्ताच्या ओतीव भागांवर पांढरी बुरशी आणतं, आणि टाकीतला जुना गंज सोडवून पुढे पाठवतं. रबरी नळ्या आणि डायफ्रॅम बदलायला हवेत, टाकी साफ करून आतून लेप द्यायला हवा. हे कार्बोरेटर ठेवला तरी करावं लागतं आणि इंजेक्शन बसवलं तरी. फरक एवढाच की गंजाचा कण जेटमध्ये अडकला तर तुम्ही रस्त्याच्या कडेला जेट काढून फुंकर मारता. तो इंजेक्टरमध्ये अडकला तर ३१ वर्षं इंजेक्टर बनवलेला मीही रस्त्याच्या कडेला काही करू शकत नाही.

"आपलं आपण शिकतं" हा दावा मला सर्वांत जास्त खटकतो, कारण तो अर्धा खरा आहे. किट ऑक्सिजन सेन्सरवरून शिकतं. सायलेन्सरकडे जाणाऱ्या धुरात प्राणवायू जास्त दिसला की मिश्रण पातळ आहे असं समजून ते पेट्रोल वाढवतं. पण जुन्या गाडीचं एक्झॉस्ट गॅस्केट कुठेतरी फुंकत असतंच. त्या फटीतून बाहेरची हवा आत येते, सेन्सर फसतो, आणि शहाणं किट मुळात ठीक असलेल्या मिश्रणात पेट्रोल ओततं. प्लग काळे पडतात, किट मात्र समाधानी. एखादा सिलिंडर करंट नसल्यामुळे मिसिंग मारत असेल तर तिथलीही न जळलेली हवा त्याच सेन्सरसमोर जाते आणि त्याचीही शिक्षा पेट्रोलला. शिकणाऱ्याला खोटे धडे दिले तर तो काय शिकणार? आधी गॅस्केट, आधी डेल्को, आधी प्लग. आणि ते सगळं ठीक झाल्यावर गाडी कार्बोरेटरवरच इतकी नीट चालते की किटची आठवण येत नाही. गॅरेजवाल्याच्या धंद्याला ही गोष्ट परवडत नाही, हा भाग वेगळा.

एव्हरेज आणि प्रदूषणाचं फार बोलत नाही. वर्षाकाठी हजार किलोमीटर फिरणाऱ्या गाडीने लिटरला दोन किलोमीटर जास्त दिले तर वाचलेल्या पैशात किटच्या वायरीही येणार नाहीत. पीयूसीला जुन्या पेट्रोल मोटारीसाठी कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा स्लोवर तीन टक्के आहे. नीट लावलेला एसयू ती पाळतो. न लावलेला पाळत नाही, आणि न लावलेलं इंजेक्शनही नाही.

कायद्याचा मुद्दा मात्र आमच्या कट्ट्यावर कुणी काढलाच नाही. जुलै २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज मोटारींसाठी वेगळे नियम आणले. पन्नास वर्षांहून जुनी गाडी, मूळ स्वरूपात जपलेली, चासी, बॉडी शेल किंवा इंजिनात मोठा फेरबदल न झालेली. अशा गाडीला व्हीए अक्षरांचा खास नंबर मिळतो, नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, दहा वर्षांची मुदत. त्यापूर्वी जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदलांना मनाई असल्याचं स्पष्ट केलं होतं. कार्बोरेटर आणि मॅनिफोल्ड बदलणं म्हणजे इंजिनातला फेरबदल होतो की नाही, यावर पेठ रोडच्या आरटीओत उभं राहून वाद घालायची ज्याची तयारी असेल त्याने घालावा. मला त्या रांगेची सवय नाही.

आता शेवटचा मुद्दा, आणि हा एकच मला खरोखर अडचणीत टाकतो. कार्बोरेटरला हात लावणारी माणसं संपत चालली आहेत. मारुती ८०० वर २००० सालच्या सुमारास एमपीएफआय इंजेक्शन आलं, २०२० साली बीएस-६ आलं तेव्हा बहुतेक मोटारसायकलींवरूनही कार्बोरेटर गेला. आज गॅरेजमध्ये शिकायला येणारा पोरगा जेट म्हणजे काय हे न पाहताच मेकॅनिक होतो. भद्रकालीत एक मिस्त्री होते, कानाला लांब स्क्रूड्रायव्हर लावून कुठला सिलिंडर मिसिंग आहे ते सांगायचे. त्यांच्या मुलाने मोबाइलचं दुकान टाकलं. हे मला दिसत नाही असं नाही.

पण बदली म्हणून आणलेल्या किटला कोण हात लावणार आहे? नव्या गाडीचं इंजेक्शन दुरुस्त होतं, कारण तिला स्कॅनर लागतो, तिची वायरिंगची पुस्तिका असते, तिच्यासारख्या हजारो गाड्या शहरात असतात. तुमच्या गाडीतलं किट जगात एकटं. त्याला गॅरेजचा स्कॅनर लागत नाही. त्याची वायरिंग ज्याने केली त्याच्या डोक्यात. त्याचं सॉफ्टवेअर ज्या लॅपटॉपवर चालतं तो पाच वर्षांनी भंगारात. कंपनी बंद पडली, किंवा तिने नवं मॉडेल काढून जुन्याचा सेन्सर थांबवला, की तुमची गाडी अंगणातला पुतळा. एसयूचे जेट, सुया, गॅस्केट आजही नवे बनतात, कारण तो कार्बोरेटर लाखो गाड्यांवर होता. आणि समजा उद्या तेही थांबलं, तर पितळेची सुई अंबडला लेथवर काढता येईल. चिप काढता येईल का?

तरीही कुणाला बसवायचंच असेल तर माझी आडकाठी दोन ठिकाणी नाही. एक, ज्या गाडीचं मूळ इंजिनच गेलंय, तिच्यात आधीच दुसऱ्या गाडीचं इंजिन आहे आणि ती रोज ऑफिसला जाते. तिथे मूळ काय राहिलं होतं म्हणून जपायचं? अशा वेळी त्या दुसऱ्या इंजिनाचंच कारखान्यातलं अख्खं इंजेक्शन, त्याच्या ईसीयूसकट, त्याच्या वायरिंगसकट आणा. निदान तक्ता तरी त्याच इंजिनाचा मिळेल. दोन, ज्याला हा उद्योग शिकण्यासाठी करायचा आहे, स्वतःच्या हाताने, स्वतः तक्ता भरत, दोन वर्षं गाडी जॅकवर ठेवायच्या तयारीने. त्याला माझा आशीर्वाद आहे आणि माझा टाइमिंग लाइटही. फक्त मूळचं काही कापू नये. टाकीला भोक पाडू नये, दुसरी टाकी बनवून घ्यावी. मॅनिफोल्डला ग्राइंडर लावू नये. कार्बोरेटर तेल चोळून, गोणपाटात गुंडाळून, कुठल्या गाडीचा ते चिठ्ठीवर लिहून माळ्यावर ठेवावा. आमच्या स्नेह्यांचं गोणपाट माळ्यावर होतं म्हणून त्यांची गाडी आज चालते आहे. टाकीचं भोक मात्र आम्हाला पॅच मारून बुजवावं लागलं, आणि तो पॅच दिसतो.

ती स्पिटफायर गेल्या आठवड्यात मुंबईला जाऊन, घाट चढून परत आली. परतताना कसाऱ्यालाही थांबली नाही, इगतपुरीला चहासाठी थांबली ती स्नेह्यांच्या मर्जीने. तरुण मित्राला एवढंच कळवतो, येत्या रविवारी मिसळीला ये. गाडीचं बॉनेट मी उघडून ठेवतो, २० नंबरचं तेल घेऊन येतो. पिस्टन तू उचल.